जन्मदाखला आणि ना-हरकत

‘हॉकी’ आणि ‘१९३६’ हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडच्या वाचकाला एकच गोष्ट आठवते. बर्लिन, १५ ऑगस्ट, ध्यानचंद, आणि जर्मनीवर आठ विरुद्ध एक असा विजय. मीही त्याच विजयाच्या शोधात एका जुन्या ग्रंथालयात इंग्रजी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चाळत होतो. ऑगस्ट महिन्याची फाईल बांधणीला गेलेली होती, म्हणून फेब्रुवारीची उघडली. तिथे क्रीडापानाच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती: ऑलिंपिक हॉकीत ग्रेट ब्रिटनने कॅनडाला हरवले. पहिल्यांदा वाटले, छपाईची चूक असेल. मग लक्षात आले की ही हॉकी वेगळी. बर्फावरची, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने, म्हणजे ‘पक’ने, खेळायची.

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी जमेल तसे वाचत आलो. त्यामुळे त्या चार ओळी मला सोडवेनात. १९२०, १९२४, १९२८ आणि १९३२ अशा सलग चार ऑलिंपिकांत कॅनडाने या खेळाचे सुवर्णपदक घेतले होते. ज्या देशात सहा महिने तळी गोठलेली असतात आणि पोर चालायला लागले की बर्फावर उभे राहते, त्या देशाला इंग्लंडने हरवावे कसे? उत्तर शोधता शोधता लक्षात आले की हरवणारेही बहुतेक कॅनडातच वाढलेले होते. ते इंग्लंडला का गेले, आणि त्यांच्यानंतर आजतागायत दर पिढीत कॅनडाचे शेकडो तरुण खेळाडू युरोपला का जात राहिले, हा या लेखाचा विषय आहे.

‘ज्युनियर’ म्हणजे काय?

आपल्याकडे ज्युनियर म्हटले की शाळकरी वयोगट डोळ्यांसमोर येतो. कॅनडात ‘ज्युनियर हॉकी’ ही एक पूर्ण व्यवस्था आहे. साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांचे संघ असतात, त्यांच्या मोठ्या लीग असतात, तिकीट लावून सामने होतात आणि गावाची इभ्रत त्यांच्यावर अवलंबून असते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेला ‘मेमोरियल कप’ हा या मुलांचा सर्वोच्च करंडक. आज कॅनेडियन हॉकी लीग या छत्राखाली पश्चिम, आँटारियो आणि क्वेबेक अशा तीन लीग आणि त्यांत साठेक संघ आहेत. काही संघ सीमेपलीकडे अमेरिकेतही आहेत.

मूस जॉ, स्विफ्ट करंट, प्रिन्स अल्बर्ट अशी या संघांच्या गावांची नावे आहेत. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाची निवड होते. मुलाने संघ निवडायचा नसतो, संघाने मुलाला निवडायचे असते. मग तो घर सोडून शेकडो किलोमीटर दूरच्या गावी जातो आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो. अशा कुटुंबाला तिकडे ‘बिलेट’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी शिक्षणासाठी मुले शहरात नातेवाइकांकडे राहायची, तसाच हा प्रकार. फक्त इथे नातेवाईक नसतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, आणि सामन्यासाठी बर्फाळ रस्त्यावरून रात्र-रात्र बसचा प्रवास.

आता साधे गणित करू. साठ संघांत प्रत्येकी वीस-बावीस मुले धरली तर बाराशे-तेराशे होतात. त्यांच्या स्वप्नातली जागा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. तिथे आज ३२ संघ आहेत आणि प्रत्येकात जास्तीत जास्त २३ खेळाडू, म्हणजे एकंदर ७३६ जागा. त्या जागांवर स्वीडन, फिनलंड, अमेरिका, रशिया यांचेही खेळाडू असतात, आणि एकदा बसलेला चांगला खेळाडू दहा-दहा वर्षे उठत नाही. पूर्वीची स्थिती याहून कठीण होती. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. साऱ्या देशातल्या पोरांसाठी जेमतेम सव्वाशे जागा!

बाकीच्यांचे काय होते? विसाव्या वर्षानंतर ज्युनियरचे दार बंद होते. तेव्हा हातात एकच कसब उरते, आणि घरच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते.

१९३६: दोन खेळाडूंचा कागद

पहिली मोठी लाट तिशीच्या दशकातली. मंदीने कॅनडाची प्रेअरी पार कोलमडली होती. त्याच वेळी लंडनमध्ये मात्र बर्फाचे नवे बंदिस्त रिंगण उभे राहत होते. वेम्ब्लीचे एम्पायर पूल १९३४ मध्ये उघडले, हॅरिंगे अरीना १९३६ मध्ये. प्रेक्षक भरपूर होते, पण चांगले खेळाडू इंग्लंडमध्ये तयार होत नव्हते. ते आणायचे कुठून?

ब्रिटिश आइस हॉकी संघटनेचे चिटणीस होते जॉन ‘बनी’ आहर्न. मूळचे आयर्लंडचे, धंद्याने प्रवासी कंपनीचे मालक. कागदपत्रे, बोटीची तिकिटे, कोण कुठून कुठे जातो, हा त्यांचा रोजचा व्यवहार. त्यांनी हेरले की कॅनडात खेळणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला आहे. आईबापांच्या कडेवर बसून ती पोरे कॅनडात गेली, तिथल्या बर्फावर खेळ शिकली, आणि जन्मदाखल्याने मात्र ब्रिटिशच राहिली. अशांना परत आणायचे.

जिमी फॉस्टर हा गोलरक्षक ग्लासगोत जन्मला आणि विनिपेगमध्ये वाढला. मॉन्क्टन हॉक्स या संघाने १९३३ आणि १९३४ साली कॅनडातला प्रौढ हौशी खेळाडूंचा सर्वोच्च करंडक, ‘अ‍ॅलन कप’, जिंकला तेव्हा गोल राखायला तोच होता. त्या संघाचे प्रशिक्षक पर्सी निकलिन. अ‍ॅलेक्स आर्चरचा जन्म लंडनच्या वेस्ट हॅममधला, वाढ विनिपेगची. एडगर ‘चर्प’ ब्रेंचली केंट परगण्यातला, वाढला नायगारा फॉल्सला. निकलिन इंग्लंडला आले, फॉस्टरही आला, आणि पुढे ब्रिटनच्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षकपदही निकलिन यांच्याकडेच आले.

कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेला हे खपणारे नव्हते. तिचे म्हणणे, आमच्याकडे नोंद असलेला खेळाडू आमच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसऱ्या देशात खेळूच शकत नाही. ऑलिंपिकच्या तोंडावर फॉस्टर आणि आर्चर या दोघांवर हरकत घेतली गेली. आंतरराष्ट्रीय संघटनेने ती उचलून धरली, आणि नंतर कॅनडानेच ती मागे घेतली. खेळभावनेपोटी घेतली, असे सांगितले गेले. या दोघांविना ब्रिटन काय करणार होता याचा अंदाज पुढच्या आकड्यांवरून येतो: सात सामन्यांत फॉस्टरने फक्त तीन गोल होऊ दिले.

गार्मिश-पार्टेनकिर्खेनला ११ फेब्रुवारी रोजी ब्रिटन आणि कॅनडा समोरासमोर आले. कॅनडातर्फे आलेला संघ होता पोर्ट आर्थर बेअरकॅट्स. सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते तोच ब्रिटनच्या जेरी डेव्हीने गोल केला. हा डेव्ही जन्मला कुठे? पोर्ट आर्थरलाच! कॅनडाने बरोबरी साधली. शेवटचे मिनिट-दीड मिनिट उरले असताना ब्रेंचलीने दुसरा गोल केला. दोन विरुद्ध एक. हा निकाल नियमाप्रमाणे अंतिम फेरीतही धरला गेला. कॅनडाने त्यावर बराच आरडाओरडा केला, पण नियम बदलला नाही. ब्रिटनला सुवर्ण, कॅनडाला रौप्य, अमेरिकेला कांस्य. ब्रिटनचा कप्तान कार्ल एरहार्ट मात्र खरोखर इंग्लंडचा होता, आणि स्पर्धा चालू असतानाच त्याला ३९ वर्षे पूर्ण झाली.

‘कॅनडानेच कॅनडाला हरवले’ अशी थट्टा तेव्हापासून होत आली आहे. मला ती अर्धवट वाटते. स्वतंत्र कॅनेडियन नागरिकत्व कायद्याने अस्तित्वात आले १ जानेवारी १९४७ रोजी. १९३६ मध्ये विनिपेगचा माणूस आणि लंडनचा माणूस, दोघेही कायद्याने ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे भांडण देशाचे नव्हतेच. या खेळाडूला जायला परवानगी द्यायची की नाही हे कोण ठरवणार, एवढाच प्रश्न होता. खेळाडूला स्वतःला तो अधिकार आहे, असे त्या वादातल्या दोन्ही संघटनांपैकी एकीनेही म्हटले नाही.

आणि ‘हौशी’ या शब्दाचे काय? हे सारे कागदोपत्री हौशी होते. मंदीच्या काळात एक समुद्र ओलांडून कोणी हौसेखातर येत नसतो, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच १९३६ साली कॅनडाच्या संघटनेने हौशीपणाची व्याख्या सैल केली आणि खेळामुळे बुडालेल्या रोजाची भरपाई घेण्याची मुभा दिली. जे चालूच होते ते मान्य केले, इतकेच.

सहीचा कागद

युद्धानंतर लंडनचे रिंगण पुन्हा भरले, पुन्हा कॅनेडियन आले. पण साठीच्या दशकापर्यंत तिथली व्यवस्था मोडली. इकडे कॅनडात एनएचएलची पकड घट्ट झाली. सहा संघांनी ज्युनियर संघांना आश्रय द्यायचा, आणि बदल्यात त्या मुलांवर हक्क घ्यायचा, अशी पद्धत होती. ‘सी फॉर्म’ नावाचा एक कागद असे. त्यावर सही झाली की मुलाचे पुढचे सारे व्यावसायिक आयुष्य त्या एका संघाशी बांधले जाई. पुढे या खेळातला सर्वश्रेष्ठ बचावपटू ठरलेला बॉबी ऑर चौदाव्या वर्षी असा बांधला गेला. त्या व्यवहारात त्याच्या घराला बाहेरून गिलावा करून देण्याचे कलमही होते. गिलाव्याचे हसू येते, पण समोर बसलेल्या बापाला पडकी भिंत रोज दिसत असणार हेही ध्यानात घ्यायला हवे.

या साखळीतून बाहेर पडायला निघालेला एक माणूस म्हणजे कार्ल ब्रूअर. टोरंटो मार्लबरोज या ज्युनियर संघातून त्याने १९५६ चा मेमोरियल कप जिंकला आणि पुढे टोरंटो मेपल लीफ्सचा नामवंत बचावपटू झाला. १९६५ मध्ये संघ सोडला. त्याला कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळायचे होते. त्यासाठी पुन्हा ‘हौशी’ ठरणे आवश्यक, आणि जुना संघ सोडायला तयार नाही. बरीच झटापट करून त्याने तो कागद मिळवला आणि १९६७ ची जागतिक स्पर्धा तो खेळला. मग १९६८-६९ च्या मोसमात खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी घेऊन तो हेलसिंकीच्या आयएफके संघात गेला. त्याच मोसमात त्या संघाने फिनलंडचे विजेतेपद मिळवले. अंगाला अंग भिडवून खेळण्याची कॅनडाची रीत फिनलंडमध्ये रुजवण्याचे श्रेय आजही त्याला दिले जाते. पुढे याच ब्रूअरने निवृत्त खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी एनएचएलला न्यायालयात खेचले. कागदाने पोळलेला माणूस शेवटी कागद वाचायला शिकतो.

आजोबांचे गाव

१९६३ पासून एनएचएलने खेळाडूंची वार्षिक निवडपद्धत सुरू केली आणि १९६७ मध्ये संघ सहाचे बारा झाले. सी फॉर्म गेला, पण न निवडलेल्यांची संख्या काही घटली नाही. त्यांच्यासाठी पुन्हा युरोपच उरले, आणि पुन्हा जन्मदाखला कामी आला. या वेळी आजोबांचा.

जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली येथील लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. पण आजोबा कॅलाब्रियाहून टोरंटोला आलेले असतील तर नातू इटालियन पारपत्र काढू शकतो, आणि मग तो परदेशी राहत नाही. ऐंशीच्या दशकात इटलीचा राष्ट्रीय संघ अशा नातवंडांनी भरलेला होता. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत या संघाने वेन ग्रेट्झ्की खेळत असलेल्या कॅनडाला ३-३ असे बरोबरीत रोखले. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉस्मन या बेल्जियन फुटबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला जुना क्लब अडवू शकत नाही आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना परदेशी म्हणून मोजता येणार नाही. फुटबॉलसाठी लागलेल्या या निकालाने आजोबांचे पारपत्र आणखी मोलाचे झाले. ब्रिटनमध्ये १९९६ ला सुरू झालेल्या सुपरलीगचे संघ तर जवळजवळ आयात खेळाडूंवरच उभे होते. ती २००३ मध्ये बंद पडून आजची एलिट लीग आली, तिथेही कॅनेडियन मोठ्या संख्येने आहेत.

या नोकरीचे स्वरूप आपल्या आखाती देशांत जाणाऱ्या कारागिराच्या नोकरीपेक्षा फार वेगळे नाही. करार बहुधा एका मोसमाचा, सप्टेंबर ते मार्च-एप्रिल. क्लब राहायला जागा देतो, पुष्कळदा गाडी देतो. परदेशी खेळाडूकडून गोलांची अपेक्षा जास्त असते. दोन महिने खेळ साधला नाही तर दुसरा माणूस विमानातून उतरतो. बायकोला नव्या भाषेत दवाखाना शोधावा लागतो, मुले दर दोन वर्षांनी शाळा बदलतात.

वॉयटेक वोल्स्कीची कथा याच वाटेवरची. पोलंडमध्ये जन्म, टोरंटोत वाढ, ब्रॅम्प्टनच्या ज्युनियर संघातून एनएचएल, आणि तिथले दार बंद झाल्यावर रशिया. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅग्निटोगोर्स्कच्या संघातून खेळताना त्याच्या मानेचे मणके मोडले. पुन्हा चालणार की नाही इथपासून प्रश्न होता. तो बर्फावर परतला. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला एनएचएलने आपले खेळाडू सोडायला नकार दिला, तेव्हा कॅनडाला आपली दुसरी फळी आठवली. रशिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, जर्मनी इथे पोटासाठी खेळणाऱ्यांतून बव्हंशी संघ उभा राहिला. उपान्त्य सामन्यात तो जर्मनीकडून ४-३ असा हरला, मग चेक संघाला ६-४ असे हरवून त्याने कांस्य घेतले. त्या संघात वोल्स्की होता.

हौशी की धंदेवाईक?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही मुले विसाव्या वर्षी युरोपऐवजी शिक्षणाकडे का वळली नाहीत? काही वळतात. ज्युनियर लीगमध्ये एक मोसम खेळल्यास एका वर्षाची महाविद्यालयीन फी, अशी योजना आहे. पण ती ठरावीक मुदतीत वापरायची असते, आणि व्यावसायिक करार केला तर ती गमावण्याची पाळी येते. विशीतल्या पोराला सांगायचे, खेळ की शिक्षण, आत्ताच ठरव.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत खेळ आणि शिक्षण दोन्ही होते, पण तिथल्या एनसीएए या संघटनेने ज्युनियर लीगच्या खेळाडूंना दशकानुदशके बंदी घातली होती. कारण, ते धंदेवाईक! ज्युनियरमध्ये व्यावसायिक करार झालेले काही जण असतात आणि इतरांना किरकोळ भत्ता मिळतो, म्हणून सारेच धंदेवाईक. २०१४ मध्ये माजी ज्युनियर खेळाडूंनी कॅनडात किमान वेतनाचा खटला लावला, तेव्हा लीगचे म्हणणे नेमके उलट होते: ही तर हौशी विद्यार्थी मुले, यांना वेतन कसले? अनेक प्रांतांनी कायद्यात बदल करून या मुलांना किमान वेतनातून वगळले. २०२० मध्ये तीन कोटी कॅनेडियन डॉलरची तडजोड जाहीर झाली. एकच मुलगा सीमेच्या एका बाजूला हौशी आणि दुसऱ्या बाजूला धंदेवाईक. दोन्हीकडे तोट्यात तोच.

म्हणून माझा निष्कर्ष असा. या खेळाडूंच्या परदेशगमनाला कोणी साहस म्हणतात, कोणी अपयश. कागद पाहिले तर ते दोन्ही नाही. १९३६ चे ना-हरकत पत्र, साठीच्या दशकातला सी फॉर्म आणि विद्यापीठांची बंदी, प्रत्येक वेळी मायदेशातल्या एका नियमाने वाट अडवली आणि माणूस जिथे तो नियम पोहोचत नव्हता तिथे गेला. आपल्या खडकीच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले मलेशिया, जर्मनी, फ्रान्स इथल्या क्लबांकडून खेळले, तेही याच कारणाने. मैदानी हॉकीतले सर्वोच्च कसब अंगी असूनही त्याचा योग्य मोबदला घरी मिळत नव्हता. त्यांना आपण बुजुर्ग खेळाडू म्हणून मान देतो. ब्रेंचली किंवा ब्रूअर यांनाही तोच मान द्यायला हरकत नसावी.

ब्रिटनच्या काही क्लबांनी आता एक नवी तोड काढली आहे. तिथल्या विद्यापीठाशी बोलणी करून ते खेळाडूला पगाराबरोबर पदव्युत्तर शिक्षणाची सोय देतात. सकाळी सराव, दुपारी वर्ग, शनिवार-रविवारी सामने. पंधराव्या वर्षी वह्या-पुस्तके बसमध्ये घेऊन फिरलेला मुलगा तिशीत पुन्हा वर्गात बसतो.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएनेही आपली बंदी उठवली. १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर लीगची मुले अमेरिकन विद्यापीठांत खेळू शकतात. विनिपेगच्या एखाद्या वीस वर्षांच्या पोरासमोर आता तीन वाटा आहेत: घरची लहान लीग, विद्यापीठ, किंवा युरोपचे विमान. निवड त्याची त्याने करायची आहे. जिमी फॉस्टरला ग्लासगोच्या जन्मदाखल्यावर जे मिळवावे लागले, ते याला कोणाच्याही ना-हरकत पत्राशिवाय मिळाले आहे. त्यासाठी नव्वद वर्षे लागली.